कोमट वाळू

पुण्याहून निघताना सगळे हसत होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकताना ते विसरायला होतं.

प्रशांत साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होता. एका दुपारी पाळीवर असतानाच त्याच्या छातीत कळ आली, घाम फुटला, आणि नेवाशाच्या डॉक्टरांनी त्याला पुण्याला धाडलं. पुण्याच्या दवाखान्यात जांघेतल्या मोठ्या शिरेतून एक बारीक नळी थेट काळजापर्यंत नेली, औषध सोडलं आणि पडद्यावर सगळ्या नसा बघितल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, बिडी सोडा.

प्रशांतनं जन्मात बिडी ओढली नव्हती. त्याचा धाकटा भाऊ योगेश म्हणाला, "दादा, डॉक्टरांचा शब्द मोडू नको. आधी सुरू कर, मंग सोड."

भारतीवहिनी तोंडाला पदर लावून हसली. चार दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती.

योगेश तसाच होता. तोंडात येईल ते बोलायचा, मनात येईल ते करायचा. शाळा चौथीतच सुटली. वडील रंभाजी वारले तेव्हा तो आईच्या कडेवर होता, म्हणून प्रशांत त्याला भाऊ कमी आणि बाप जास्त. योगेश प्रवरा नदीत वाळूच्या टेम्पोवर होता. पाटी, फावडं आणि वाळू, एवढंच त्याचं शिक्षण. ओली वाळू कुठली, मातकट कुठली, चाळलेली कुठली, हे तो डोळे मिटून हातानं सांगायचा.

नळी काढल्यावर दवाखान्यातल्या एका माणसानं जांघेवर दोन्ही हातांनी बराच वेळ दाबून धरलं होतं. मग वरून वाळूची पिशवी ठेवली, आणि रात्रभर पाय सरळ. सुटी देताना सिस्टरनं बजावलं, "पाय मुडपायचा नाही. उकिडवं बसायचं नाही. सूज दिसली, रक्त आलं, तर तिथं हातानं घट्ट दाबायचं आणि सरळ जवळचा दवाखाना गाठायचा. पोचेपर्यंत हात काढायचा नाही." एवढं सांगून तिनं वाळूची पिशवी उचलली आणि घेऊन चालली.

"बाई, ऱ्हाऊ द्या की तेवढी," योगेश म्हणाला.

"दवाखान्याची आहे ती."

"वाळूची काय एवढी मिजास! आमी वाळूतलीच मानसं हाय. या कवा नेवाशाला, टेम्पो भरून देतो."

गावातल्या गोरक्षची जीप भाड्यानं आणली होती. पुढं गोरक्ष आणि वहिनी. मागं एका बाकड्यावर पाय लांब करून, अंगावर शाल घेऊन प्रशांत, आणि त्याच्या समोरच्या बाकड्यावर योगेश. थंडीचे दिवस. जीपचा मागचा कापडी पडदा वाऱ्यानं फडफडत होता.

शिरूरला चहाला थांबले. तिथं प्रशांतला लघवी लागली. दवाखान्यातून प्लॅस्टिकची बाटली दिली होती, योगेशनं ती पुढं केली.

"जीपमधी?" प्रशांत दबक्या आवाजात म्हणाला. "भारती पुढं बसलीय, गोरक्ष बसलाय... येडा झालास का?"

"पडदा वढतो की."

"चल, धर मला. दोन पावलं तर हाय."

तो योगेशच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत, हॉटेलमागच्या बाभळीआड गेला. योगेश पाठ करून राखण करत उभा राहिला. मोठ्या भावाकडं बघायचं नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. पण बघितलं असतं तर बरं झालं असतं. उभ्यानं लघवी करणं प्रशांतला कधी जमलंच नाही. आई बनाबाईनं लहानपणी लावलेलं वळण, माणसानं बसून करावं. सिस्टरचं बोलणं त्याच्या ध्यानात होतं, पण देहाच्या ध्यानात नव्हतं. तो बसला. उकिडवा.

घोड नदीचा पूल ओलांडला, नगर जिल्हा लागला. गोरक्ष गाणं गुणगुणत होता. वहिनीचा डोळा लागला. सुपं मागं पडलं तसं प्रशांतनं योगेशला बोटानं जवळ बोलावलं.

"योग्या... जरा ओलं लागतंय."

योगेशनं शालीत हात घातला. पट्टी भिजली होती. पट्टीखाली लिंबाएवढं टणक काहीतरी हाताला लागलं, आणि ते धडधडत होतं. योगेशचा हात रक्तानं माखला.

"बघू दे दादा, शाल काढ."

"झाक." प्रशांतनं शाल मुठीत धरली. "भारती घाबरंल. नगर आता किती लांब हाय? तू नुसता दाब."

योगेशनं दाबलं. पण जीप खड्ड्यात आपटली की हात सरकायचा, आणि सरकला की कोमट ओल बोटांतून वर यायची. योगेशच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. पिशवी. वजन पाहिजे. वजन बसलं की हलणार नाही. नगरला जायला तासभरही लागला नसता. दुसरा कुणी असता तर त्यानं तसंच दाबत नगर गाठलं असतं. पण एका छोट्या नदीचा पूल आला, खाली वाळू दिसली, आणि योगेश ओरडला, "गोरक्ष, थांब! मला उतरू दे."

"आत्ताच तर शिरूरला उतरलास. तुझी टाकी फुटली का काय?"

"थांब म्हनतो ना!"

बाजाराची कापडी पिशवी होती, त्यातले कपडे त्यानं बाकड्यावर ओतले आणि पिशवी घेऊन उतारावरनं पळत सुटला. सूर्य बुडाला होता, उजेड अजून होता. धारेजवळची वाळू त्यानं मुठीत घेऊन बघितली. ओली. ओली वाळू पट्टी भिजवील. तो काठानं वर सरकला. तिथं चार खांबांवर एक पत्रा होता, भिंती नव्हत्या. खालची वाळू कोरडी, बारीक, मऊ. चाळल्यासारखी.

पत्र्याची खालची बाजू काळी पडली होती. ते काय आहे हे योगेशला न कळण्यासारखं नव्हतं. नदीकाठी भिंती नसलेला पत्रा कशाला असतो, हे वाळूवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. टेम्पोवरची पोरंसुद्धा तसल्या जागेपासून लांबच फावडं घालायची. पण प्रशांत रोज संध्याकाळी विहारात पोरांचा वर्ग घ्यायचा, आणि योगेश मागं बसून ऐकायचा. दादाचं एक वाक्य त्याला पाठ होतं, "भूत म्हंजी भित्र्या मानसाचं रिकामं डोकं. आपन प्रतिज्ञा घेतलेली मानसं. वाळू ती वाळू, राख ती राख." दादानं सांगितलेलं खोटं कसं असेल? त्यानं ओंजळीनं पिशवी भरली. वाळूतून हिरव्या बांगडीचा एक तुकडा निघाला, तो त्यानं फेकून दिला. वाळू कोमट होती. उन्हानं तापली असंल, असं त्याला वाटलं. थंडीतल्या मावळतीचं ऊन पत्र्याखालच्या वाळूला कसं तापवील, हा विचार त्याला तेव्हा शिवला नाही.

पिशवीचं तोंड नाडीनं आवळून त्यानं ती शालीखाली जांघेवर ठेवली. बरोबर बसली. गाडी निघाली, हिसके बसले, पण पिशवी तसूभर हलली नाही. थोड्या वेळानं योगेशनं बोट घालून बघितलं. नवी ओल नव्हती. लिंबू बसलं होतं.

"थांबलं, दादा."

"लई बरं वाटतंय," प्रशांत डोळे मिटून म्हणाला. "ऊब हाय पिशवीला."

योगेशनं सुस्कारा टाकला. वाळूवाल्याच्या वाळूनं दादाला वाचवलं, हे आता घरी कसं सांगायचं, याची तो मनात जुळणी करायला लागला.

अंधार पडायला लागला. रस्त्याला गाडी तुरळक. दोन्ही बाजूंना माळ, लांबवर एखादा दिवा.

"काय रं," पुढून गोरक्ष म्हणाला, "गाडी जड लागायलीय. एवढ्या सपाटीला वढंना. काय भरलंस मागं?"

"वाळू," योगेश हसून म्हणाला.

"एक पिशवी न्हाई ती... मानूस बसल्यावानी लागतंय."

मग वास आला. आधी योगेशला वाटलं, रस्त्याकडेला कुणी शेकोटी पेटवली असेल. पण तो लाकडाचा वास नव्हता. ओव्याचा होता. ओवा आणि शेपा निखाऱ्यावर टाकल्यावर येतो तसा. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा. वहिनीच्या बाळंतपणात त्यानं तो घरात घेतला होता. आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, लोखंडासारखा, ओलसर. तोही त्या खोलीत असतोच.

त्यानं पडदा बाजूला केला. बाहेर मोकळा माळ. वारा आत आला, तरी वास गेला नाही.

किणकिण आवाज झाला. बांगड्यांचा, अगदी हलका. वहिनी जागी झाली असंल म्हणून योगेशनं पुढं बघितलं. वहिनीचं डोकं खिडकीच्या दांड्याला टेकलेलं, ती गाढ झोपेत होती.

पिशवी जागेवर आहे का ते बघायला त्यानं शालीत हात घातला.

पिशवीवर आधीच एक हात होता.

"दादा, तू काढ हात," तो हळूच म्हणाला. "मी दाबतो."

 समोरून एक ट्रक आला. त्याच्या दिव्याचा पट्टा जीपमधून सरकत गेला. त्या उजेडात योगेशला प्रशांतचे दोन्ही हात दिसले. छातीवर, एकमेकांत गुंतवलेले.

ट्रक गेला. अंधार झाला. योगेशच्या तळव्याखाली तो हात तसाच होता. लहान, हाडकुळा, बोटांच्या पेरांवर कामाचे घट्टे. मनगटाशी काचेच्या बांगड्या. गार असता तर योगेशनं तेव्हाच किंकाळी फोडली असती. पण तो कोमट होता, वाळूइतकाच. आणि तो दाबत होता. एका लयीत, सगळा भार टाकून, अगदी दवाखान्यातल्या माणसानं दाबलं होतं तसं.

योगेशला हात मागं घेता येईना. 

"योग्या..." प्रशांत झोपेत बोलल्यासारखा म्हणाला.

"अं?"

"बाईला सांग... हात काढू नको म्हनावं."

"कोन बाई... दादा?"

"तुझ्याशेजारी बसलीय ती. लई दमलीय... दम लागलाय तिला, ऐकायला येत न्हाई व्हय तुला?"

योगेशनं ऐकलं. इंजिनाच्या आवाजाखाली, त्याच्या उजव्या कानाशी, कुणीतरी श्वास घेत होतं. तोंड उघडं ठेवून. कळा देऊन देऊन थकलेल्या बाईसारखं.

"दादा, आसं बोलू नको... तूच म्हनतोस ना, आसलं काय नसतं..."

 प्रशांतनं डोकं थोडं वळवलं, कुणीतरी बोलतंय आणि आपण कान देतोय तसं. योगेशला काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हनती ती?" योगेशनं विचारलं. का विचारलं, ते त्यालाही कळलं नाही.

"म्हनती... तिचं कुनी दाबलंच न्हाई."

बस्स. तिथं योगेशचा धीर सुटला. त्यानं शाल ओढली, पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि उचलायला गेला. उठेना. रोज पाट्या उचलणारा गडी तो, पण चार शेरांची पिशवी त्याला उठेना. त्यानं पाय बाकड्याला टेकवले, दात आवळले आणि हिसडा मारला. चिकटलेलं सोलून यावं तशी पिशवी सुटली. बांगड्या वाजल्या, या खेपेला मोठ्यानं. प्रशांत ओरडला. योगेशनं पडद्याखालून पिशवी रस्त्यावर भिरकावली. ती पडल्याचा आवाज काही आला नाही.

ओव्याचा वास गेला. जीप एकदम हलकी झाली, पुढं उसळली. वहिनी दचकून उठली आणि मागं वळून बघायला लागली.

"काय झालं? काय फेकलं भावजी?"

प्रशांतच्या कपाळावर घाम होता. तो योगेशकडं बघत होता. रागानं नाही, नुसता नवल वाटल्यासारखा.

"का रं केलंस..." तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे. आता तूच दाब."

योगेशनं दाबलं. आता भारतीचं, गोरक्षचं, कुणाचंच भान ठेवलं नाही. शाल फेकून दिली, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा भार टाकून दाबलं. गोरक्षनं हॉर्नवरचा हात काढला नाही. कामरगावच्या घाटात प्रशांत म्हणाला, पाठ दुखते. केडगावला म्हणाला, पोट टच्च झालंय. नगरच्या पहिल्या दिव्यांत त्याचा चेहरा दिसला, तो कागदासारखा पांढरा होता. मग तो काही बोलला नाही.

दवाखान्यात आत नेलं तेव्हाही योगेश हात काढेना. दोघांनी मिळून त्याची बोटं सोडवली. रक्त चढवलं, सलाईन लावलं, पळापळ झाली. जेवणवेळ उलटायच्या आत डॉक्टर बाहेर आले आणि खाली बघून उभे राहिले.

डॉक्टर तरुण होते, बरे होते. त्यांनी समजावून सांगितलं. शिरेचं भोक पुन्हा उघडलं होतं. रक्त बाहेर कमी आणि आत जास्त, मागं, पाठीकडं उतरत गेलं. पोटात साठत राहिलं.

"पन मधी थांबलं हुतं," योगेश म्हणाला. "सूज बसली हुती. मी बोट लावून बघितलं."

"बाहेर सूज नाही, म्हणजे थांबलंच, असं नसतं. आत चालू असेल."

"का... थांबलं असंल?"

"तेही असेल. आता सांगता येणार नाही." डॉक्टर थोडं घुटमळले. "कुणीतरी फार नेटानं दाबलं होतं, हे मात्र खरं. बारीक बोटांचे वळ उमटलेत. वहिनी, तुम्ही दाबलं होतं का?"

"मी पुढं हुते," भारती म्हणाली. "भावजी बसले हुते मागं."

डॉक्टरांनी योगेशच्या हातांकडं पाहिलं. फावड्यानं रुंद झालेले पंजे. 

प्रशांतला गावी आणलं. विहारासमोर ठेवलं तेव्हा त्याच्या वर्गातली सगळी पोरं आली होती. बनाबाई एका जागी बसून राहिली, रडलीही नाही. पाहुणे पांगल्यावर भारती योगेशसमोर येऊन उभी राहिली. एवढ्या दिवसांत ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"भावजी, एकच सांगा. पिशवी का फेकली?"

योगेशनं तोंड उघडलं. काय सांगणार? दादाच्या बायकोला, दादाच्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून म्हणायचं, की तिच्यावर एका बाईचा हात होता? दादा असता तर पहिल्यांदा तोच हसला असता. आणि सांगितलं तरी पुढचं काय सांगायचं? ती बाई दादाचं रक्त थांबवत होती, का आतल्या वाटेनं काढून घेत होती? थांबवत असेल तर दादाला योगेशनं मारलं. घेत असेल तर योगेशनं सोडवायला उशीर केला. दोन्हीकडून दादा गेलाच.

"हिसक्यानं पडली, वहिनी," तो म्हणाला.

भारती त्याच्याकडं बघत राहिली. "पडली न्हाई ती," एवढंच म्हणून ती आत गेली. त्यानंतर तिनं त्याला कधी भावजी म्हटलं नाही. ताट वाढते, नाव घेत नाही.

योगेश पुन्हा टेम्पोवर जायला लागला. दुसरं येतं काय त्याला? पहिल्या दिवशी वाळू भरून झाली, तो मागं वाळूवर बसला, टेम्पो निघाला, आणि तिन्हीसांजेला त्याच्या उजव्या जांघेवर एक हात येऊन बसला. लहान, हाडकुळा, कोमट. तो दाबायला लागला.

योगेश ओरडला नाही. हललाही नाही. गाव येईपर्यंत पाय लांब करून तसाच बसून राहिला.

तेव्हापासून तो हात रोज आहे. टेम्पोत असतो, घरात असतो, झोपेत असतो. योगेश आता उकिडवा बसत नाही. पाय मुडपत नाही. आईनं विचारलं तर म्हणतो, गुडघा दुखतो. नेवाशाच्या डॉक्टरांनाही त्यानं एकदा जांघ दाखवली. त्यांनी चाचपून बघितली. जखम नाही, सूज नाही, सुईच्या टोकाएवढी खूणही नाही. घरी जा म्हणाले.

जखम नाही, मग ती काय दाबून धरतेय, हे योगेशला विचारायचं असतं. विचारत नाही. दादानं सांगितलेलं तेवढं एक तो पाळतो. मनातल्या मनात रोज म्हणतो, बाई, हात काढू नको.

पण गेल्या अमावस्येपासून तो हात मधूनमधून सैल पडायला लागलाय. दमल्यासारखा.